टक्कल, नाक, पोट... 'करून घेतलेल्यांनी' कृपया लिहा

खडीसाखर
नमस्कार मंडळी. ताईच्या मुलाचं लग्नाचं बघतायत. वय २९, हिंजवडीत नोकरी, मुलगा गुणी. पण पंचविशीतच कपाळ मागे सरकायला लागलं. आता तो म्हणतोय, आधी हेअर ट्रान्सप्लांट करतो, मगच साइटवर फोटो टाकतो. भावजी म्हणतात, "आमच्या घराण्यात सगळेच असे, कुणाचं लग्न अडलं?" त्यावर ताई म्हणते, "तेव्हा मुलींना विचारत कोण होतं? आता त्या फोटो बघून पुढे जातात." घरात दोन तट पडलेत आणि निवाड्याला मला बोलावलंय.

प्रश्न फक्त केसांचा नाही. नाक, पोट, बोटॉक्स, काहीही करून घेतलं असेल तर का केलं आणि पैसे सोडून आणखी काय मोजावं लागलं, ते लिहा. माझं मत अजून तळ्यात-मळ्यात आहे. मी स्वतः केस रंगवते, मुलीच्या दातांना तारा लावल्या, त्या काही चावता येत नव्हतं म्हणून नाही. मग भाच्याला कुठल्या तोंडाने नको म्हणू?

बाकरवडी
बायोडाटात लिहा : 'तेल, शाम्पू, कंगवा यांचा खर्च नाही. काटकसरीने संसार करीन.'

विरळकेशी
मी केलंय, ३४व्या वर्षी. लग्न आधीच झालेलं होतं, बायकोला माझ्या डोक्याचं काही पडलेलं नव्हतं. कारण म्हणाल तर ऑफिसचे व्हिडिओ कॉल. दिवसभर स्वतःचंच डोकं समोर, त्यात वरून ट्यूबलाइट. बाकीचे काय बोलतायत याकडे लक्षच नसायचं.

होतं असं की, आधी मागचे केस भादरतात. मग पालथं झोपवून भुलीची इंजेक्शनं देतात. दुखतं ते तेवढंच. एकेक मूळ सुटं काढतात, मग उताणं करून पुढे बारीक छिद्रं पाडून त्यात बसवतात. सकाळी गेलो तो दिवेलागणीला बाहेर आलो. दोन-तीन दिवसांनी कपाळावरची सूज उतरून डोळ्यांवर आली. पापण्या अशा टम्म की कुणीतरी बुकलून काढलंय असं वाटावं. धाकटी जवळ येईना. झोपायचं ते उशा रचून अर्धवट बसून. आणि जाहिरातीत कुणी सांगत नाही ते हे : लावलेले केस महिन्याभरात गळून पडतात. मूळ आत राहतं, केस जातो. परत उगवायला तीन-चार महिने आणि खरा निकाल वर्षाने. मधल्या काळात आधीपेक्षा वाईट दिसतं आणि भेटेल तो विचारतो, "काय रे, बरं आहे ना?"

आता भाच्यासाठी महत्त्वाचं. मागून काढून लावलेले केस बहुतेक टिकतात, पण मधले मूळचे केस त्यांच्या गतीने जातच राहतात. गळती रोखायचं औषध सोडलं की पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळं मैदान. डोक्यामागचा साठा मर्यादित असतो, एकदा काढला की तिथे पुन्हा उगवत नाही. तरुणपणी हौसेने केसांची रेघ खाली आणून घेतली, तर पंचेचाळिशीत भर घालायला माल उरत नाही. तरुण मुलाला 'थोडं थांब' म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

समाधानी आहे का? हो. पुन्हा करीन का? बहुधा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं तं पोट्ट्याचं शेत किती न नोकरी कोणती थेच पाह्यतेत जी. डोक्शावर केस हायेत का नाई, हे विचारलेलं म्या अजून आयकलं नाई. पुण्याचं पानीच खराब हाय!

निरुपद्रवी
ठेचाभाऊ, मुलाचं शेत बघतात आणि मुलीचं काय बघतात तेही सांगा ना. गोरी, सडपातळ, उंची अमुक. धागा मुलाच्या टकलावर निघाला म्हणून सगळे हळहळतायत. मुली हे कांदेपोह्यांपासून सोसत आल्यात, तेव्हा आपण त्याला 'रीत' म्हणत होतो.

माझ्या बहिणीला सतराव्या वर्षी आत्याने नाक दाबून दाखवलं होतं, "एवढं जरा आत असतं ना, तर..." ती आज पन्नाशीची आहे आणि अजून एका बाजूनेच फोटो काढून घेते. तेव्हा 'मी स्वतःसाठी केलं' हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, की हा 'स्वतः' घडवला कुणी?

खडीसाखर
निरुपद्रवी, पटलं. पण मग उपाय काय? आत्यांची सर्जरी होत नाही.

बाकरवडी
आत्यांची जिभेची करता आली तर मी वर्गणी काढतो.

डॉ_पारिजात
मी भूलतज्ज्ञ आहे. सर्जन रंगरूप बघतात, मी पडद्यावरचे आकडे बघत असते, त्यामुळे माझा प्रतिसाद जरा रुक्ष वाटेल.

सगळ्यात मोठा गैरसमज लायपोसक्शनबद्दल आहे. हा वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. व्यायामाने न हलणारी ठरावीक जागेची चरबी काढून आकार दुरुस्त करायची ती पद्धत आहे. एका वेळी साधारण ५ लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर ती मोठी शस्त्रक्रिया मानतात आणि पेशंटला रात्रभर देखरेखीखाली ठेवायला हवं. 'एका दिवसात दहा किलो' असं कुणी म्हणालं तर चपला घालून निघा.

दुसरं भुलीचं. "फक्त लोकल आहे, काही होत नाही" हे वाक्य मला घाबरवतं. लायपोसाठी चरबीत भरपूर सलाइन, त्यात लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) आणि अॅड्रिनलिन (रक्तस्राव कमी करायला) मिसळून सोडतात. हे लिग्नोकेन चरबीतून सावकाश रक्तात उतरतं. सर्वात जास्त पातळी कित्येक तासांनी येते, म्हणजे तोवर पेशंट घरी पोचून वरणभात खात असतो. डोस जास्त झाला असेल तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते दिवाणखान्यात. शिवाय चरबीचा कण रक्तवाहिनीतून फुप्फुसात जाणं, पायात गुठळी होणं, हे धोके आहेतच. प्रमाण कमी आहे, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

मे २०२२मध्ये बंगळुरूत चेतना राज ही कन्नड मालिकांतली अभिनेत्री चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. वय २१. मार्च २०१९मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला, अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असावी असं तेव्हा बातम्यांत होतं. सप्टेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावं लागलं की, हेअर ट्रान्सप्लांट यूट्यूब बघून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून शिकायची गोष्ट नाही, आणि अडचण आली तर निस्तरायची सोय जिथे आहे तिथेच ते करावं.

म्हणून भाच्याला चार प्रश्न विचारायला सांगा. माझी मुळं प्रत्यक्ष कोण काढणार, डॉक्टर की टेक्निशियन? त्या डॉक्टरचं शिक्षण प्लास्टिक सर्जरीचं किंवा त्वचारोगाचं आहे का? ऑक्सिजन आणि हृदय बंद पडलं तर लागणारं सामान खोलीत आहे का? आयसीयू असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर? या प्रश्नांचा राग आला तर ते क्लिनिक बाद.

विरळकेशी
डॉक, टेक्निशियनबद्दल +१. माझ्या वेळी डॉक्टर सुरुवातीला आले, कपाळावर पेनने रेघ आखली, आणि मग थेट जेवणाच्या सुट्टीनंतर दिसले. पालथा पडल्यामुळे कोण काय करतंय ते कळायचा प्रश्नच नव्हता. ऐकू मात्र येत होतं. दोन मुलं शेअरबाजारावर बोलत होती.

सावनी_मि
नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. मी स्तनांचा आकार कमी करून घेतला.

कॉलेजपासून पाठ आणि मान दुखायची. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्या होत्या, बोट ठेवलं तर आत बसेल एवढ्या. उन्हाळ्यात खालच्या घडीत घामाने कातडी सोलवटायची, पावडर आणि सुती रुमाल ठेवून ऑफिसला जायचे. धावायचं सोडाच, लोकलचा जिना भरभर उतरायची चोरी. हाडांच्या डॉक्टरने व्यायाम दिले, फिजिओने पट्टा दिला. शेवटी एका डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं, "हे ओझंच कमी करायचं मनात आलं नाही का कधी?"

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलंय त्याला हात लावू नये." चष्मा त्यांनाही आहे, पण ते असो. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक तसंही बघून म्हणतातच.

विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' असा शिक्का मारून दावा फेटाळला. एक्स-रे, फिजिओच्या चिठ्ठ्या, त्वचेचे फोटो, सगळं लावलं होतं. पैसे घातले पदरचे.

तोटेही लिहिते, धागा त्यासाठीच आहे. जहाजाच्या नांगरासारखा व्रण राहतो, फिकट होतो, पण जात नाही. एका बाजूची संवेदना पूर्ण आली नाही. पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्या एका वाक्यावर मी आणि नवरा खूप दिवस बोलत होतो. शुद्धीवर आल्यावर भूल पुरती उतरली नव्हती, तरी पहिली गोष्ट जाणवली ती ही की मान मोकळी आहे.

निरुपद्रवी, मला घडवलं कुणी ते माहीत नाही. पाठ मात्र माझीच दुखत होती.

निरुपद्रवी
सावनी, तुमच्याबद्दल माझा आक्षेप असूच शकत नाही. याला मी कॉस्मेटिक म्हणणारच नाही.

सावनी_मि
पण विमा कंपनी म्हणते ना! मला नेमका हाच मुद्दा मांडायचाय. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हे बाहेरचा माणूस ठरवतो. उद्या तुमची बहीण नाक करायला गेली तर तिला हौशी म्हणायचं का? तेहतीस वर्षं एका बाजूनेच फोटो काढणं हे दुखणं नाही?

टक्केटोणपे
जमाखर्चाचं मी सांगतो. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण हेअर ट्रान्सप्लांट, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीतून वगळलीय, म्हणजे १८ टक्के. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यामुळे बिघडलेलं शरीर किंवा त्याचं काम पूर्ववत करायचं असेल तर सवलत लागू. आरोग्य विम्यातही साधारण तीच रेघ : अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर मिळतं, नुसतं रूप बदलायचं असेल तर नाही. भाच्याच्या बिलात ग्राफ्टमागे, म्हणजे लावलेल्या एकेका मुळामागे, भाव असेल, त्यावर कर वेगळा धरा. रोखीत कर नाही म्हणणाऱ्याकडे डोकं देऊ नका.

जुनीपाने
थोडं अवांतर, पण पुण्याचं नाव निघालंय म्हणून.

ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र चित्रासह छापलं गेलं. कावसजी नावाचा मराठी शेतकरी जातीचा गडी इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. पद्धत अशी : मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून बघायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवायची. पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी फिरवून खाली आणून नाकाच्या जागी बसवायची. मुंबईच्या दोन इंग्रज सर्जननी ही शस्त्रक्रिया समोर उभं राहून पाहिली होती.

हे वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४मध्ये तसंच ऑपरेशन केलं, १८१६मध्ये पुस्तक काढलं, आणि युरोपात ही 'भारतीय पद्धत' पसरली. सुश्रुताने गालाच्या कातडीने नाक करायला सांगितलंय, कपाळाची रीत नंतरची. सुश्रुताचं नाव सगळे घेतात, पुण्याजवळच्या त्या कारागिराचं नावही त्या पत्रात नाही.

तेव्हा नाक कापणं ही शिक्षा होती, बेअब्रू. कावसजीला देखणं दिसायचं नव्हतं, त्याला चारचौघांत परत यायचं होतं.

बाकरवडी
म्हणजे जगातली नाकाची पहिली ओपीडी पुण्यात. १ ते ४ बंद असणार.

वऱ्हाडी_ठेचा
न पेशंटला म्हनत असतीन, "कपाळ घरून आणलंय का?"

दर्याकिनारी
हसून झालं असेल तर एक सांगते. माझा पुतण्या फाटलेला ओठ घेऊन जन्मला. सगळे म्हणाले ग्रहणात आईने काहीतरी चिरलं. तिला आधीच दूध पाजायचं जमत नव्हतं, बाळाच्या नाकातून दूध बाहेर यायचं, त्यात हे बोल. ऑपरेशन शिबिरात झालं, एक पैसा लागला नाही.

आमच्याकडे तेव्हापासून डॉ. शरदकुमार दीक्षितांचं नाव आदराने घेतात. पंढरपूरचा जन्म, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत, वर घशाचा कॅन्सर. तरी हा माणूस दरवर्षी भारतात येऊन फाटलेले ओठ, तिरळे डोळे, पडलेल्या पापण्या फुकट दुरुस्त करायचा. २००१मध्ये पद्मश्री मिळाली, २०११मध्ये गेले. भारतीय जैन संघटना त्यांच्या नावाने शिबिरं घेत आलीय. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की नट्यांचे ओठ आठवतात, मला ते शिबिरातले रांगेतले पालक आठवतात.

न्यूजर्सीकर
इकडचं थोडं. मी बोटॉक्स घेतो, आठ्या घालवायचं इंजेक्शन. हो, पुरुष असून. पंचावन्न वय, आयटीत कंत्राटी काम, समोर तिशीतला मॅनेजर. कपाळावरच्या आठ्यांमुळे 'थकलेला' दिसतो, असं एका मुलाखतीनंतर एजंटनेच सांगितलं. तीन-चार महिन्यांत उतरतं, की परत जा. सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं आहे, एकदा राहायला आलात की भरत राहा. पण नोकरी टिकली.

फिलरच्या (गाल, ओठ भरायचं इंजेक्शन) मात्र वाटेला गेलो नाही. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, डोळ्याकडच्या रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कालचा_पाऊस
मी कामानिमित्त सोलमध्ये होतो. तेव्हा भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत भिंतभर जाहिराती असायच्या, डावीकडे आधीचा चेहरा, उजवीकडे नंतरचा. पापणीला घडी पाडून घेणं तिथे इतकं सर्रास की बारावीची परीक्षा झाली की आईबाप मुलीला ती बक्षीस देतात. नोकरीच्या अर्जाला फोटो लावायची पद्धत होती, २०१७मध्ये सरकारी भरतीत ती बंद केली. माझ्या टीममधली मुलगी म्हणाली होती, "न करणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं." आपल्याकडे दातांच्या तारांचं तसं झालंच आहे, खडीसाखरताई.

मनमोकळी
मी समुपदेशक आहे. माझ्याकडे एक मुलगा येत असे (तपशील बदललेत). नाक केलं, मग 'टोक बरोबर नाही' म्हणून पुन्हा केलं, मग हनुवटीकडे वळला. मला त्याच्या नाकात काही दिसत नव्हतं. तो मात्र दिवसाचे तासन्‌तास आरशासमोर, मोबाइल पालथा धरून मोजमापं घेत. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. अशा माणसाचं ऑपरेशन उत्तम झालं तरी तो खूश होत नाही, कारण बिघाड नाकात नसतोच.

भाच्याला एकच विचारा : केस आल्यावर तू काय करशील, जे आज करत नाहीस? 'फोटो टाकीन, मुलींशी बोलीन' असं ठोस उत्तर आलं तर ठीक. 'सगळं बदलेल' असं आलं तर आधी बोलायला पाठवा, माझ्याकडे नाही तर दुसऱ्या कुणाकडे.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार, धागा बहिणीला वाचायला दिला. अपडेट : भाचा त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आला. त्यांनी सांगितलं की गळती अजून चालू आहे, आधी वर्षभर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही केसगळतीची औषधं (दुसरी रोजची गोळी) घे, स्थिरावली की बघू. फिनास्टेराइडने काही पुरुषांची इच्छा मंदावते, तसं वाटलं तर लगेच कळव, हेही स्पष्ट बोलले. हे सगळं भावजींच्या समोर. भावजी मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते म्हणे.

मनमोकळीताईंचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "टोपी न घालता लग्नांना जाईन." आता नवा वाद : पुढे केलंच, तर स्थळाला सांगायचं का?

निरुपद्रवी
अर्थात सांगायचं. मुलीने नाक केल्याचं लपवलं असतं तर 'फसवणूक' म्हणून बैठक बसली असती.

टक्केटोणपे
विग असेल तर सांगावं. स्वतःचेच केस मागचे पुढे लावलेत, त्यात काय सांगायचं? दातात सिमेंट भरलेलं सांगतो का आपण?

सावनी_मि
मी लग्नानंतर करून घेतलं म्हणून माझ्यावर ती वेळ आली नाही. पण रोज गोळी चालू राहणार असेल तर सांगायलाच हवं. केसांसाठी नाही, गोळीसाठी. तिच्याही आयुष्याशी संबंध आहे त्या गोळीचा.

डॉ_पारिजात
सावनीशी सहमत. आणि त्या गोळीची भुकटी गरोदर बाईने हाताळू नये, पोटातला मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे लपवून चालणारच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सांगून टाका न भाऊ. जे पोरगी आयकून बी हो म्हनते, थेच पोरगी चांगली.

नवखा_पुणेकर
माझं पुढच्या महिन्यात ठरलंय, डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञच आहेत, पारिजात डॉक्टरांचे चारही प्रश्न विचारून घेतले. एक राहिलं. मी बाइकने ऑफिसला जातो. नंतर हेल्मेट किती दिवसांनी घालता येतं?

विरळकेशी
मला तीन-चार आठवडे बाइकच नको म्हणून सांगितलं होतं. लावलेली मुळं घासली जाऊ नयेत म्हणून. तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोवर बस किंवा रिक्षा. हेल्मेट न घालता बाइक मात्र चालवू नका.

बाकरवडी
पुणेकराला हेल्मेट न घालायला डॉक्टरची चिठ्ठी मिळतेय, आणि तुम्ही त्याला बसने पाठवताय!